रुग्णालयातली काच कुणासाठी?

(तळोजा इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



बाहेर पाऊस आहे, मेट्रोनं पेंधरला उतरून आलेल्यांच्या छत्र्या दाराशी ठिबकताहेत, तरी खुर्च्या भरल्या आहेत. त्याबद्दल आधी तुमचे आभार.

आजचा विषय असा, की रुग्णालयात काचेची मोठी कलाकृती उभारायची झाली तर ती चांगली झाली की नाही, हे ठरवायचं कशावरून? आमच्यापैकी कुणी काच कापत नाही, भट्टी लावत नाही. आम्ही बघणारी आणि बघितल्यावर लिहिणारी माणसं. पण अशी कामं आता वाढताहेत, नव्या इमारतीचं दालन दुमजली झालं की तिथे काहीतरी झळाळतं हवं असं वाटतं, आणि त्याबद्दल छापून येतं ते फक्त उद्घाटनाच्या दिवशीचं. नंतर कुणी तिथे जाऊन बसत नाही. समीक्षा करायची तर आधी जाऊन बसायला हवं.

आणि हे तळोज्यात बोलायचं कारणही सांगतो. हे काचेचं गाव आहे. इथल्या एमआयडीसीत असाही इंडियाचा फ्लोट काचेचा कारखाना आहे. फ्लोट म्हणजे काय, तर दीड हजार अंशांच्या आसपास वितळवलेली काच वितळलेल्या कथिलावर सोडायची. ती तेलासारखी तरंगत पसरते आणि पुढे सरकत थंड होते. वरची बाजू आगीनं गुळगुळीत, खालची कथिलानं गुळगुळीत, घासायची गरज नाही. ही पद्धत पिल्किंग्टन कंपनीनं १९५९ साली जगापुढे आणली. आज आपल्या घराच्या, दुकानाच्या, बसच्या खिडकीत जी सपाट काच आहे ती बहुतेक याच जातीची. तिचा मोठेपणा एकाच गोष्टीत, ती आहे हे कळू नये. कलाकाराला मात्र नेमकं उलटं हवं असतं. काच आहे हे कळावं, तिच्यात रंग असावा, प्रकाश तिच्यात जरा अडावा.

आता आम्ही बसलो होतो त्या जागेबद्दल. रुग्णालयाचं नाव घेणार नाही, कारण दोष एकट्या त्याचा नाही. आमच्यातल्या एकाचे वडील तिथे दाखल होते, म्हणून चार दिवस खालच्या दालनात काढले. समोर दोन मजली काचेचं काम. झाड, नदी, उगवता सूर्य, उडणारे पक्षी. मागून एलईडीचा प्रकाश. पहिल्या तासाला छान वाटलं, खोटं कशाला बोला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की खुर्च्या सगळ्या टोकन नंबरच्या पडद्याकडे तोंड करून आहेत आणि काच पाठीमागे आहे. तिसऱ्या दिवशी कळलं की दुपारी तीनला आणि पहाटे तीनला तो सूर्य तेवढाच उगवलेला असतो. चौथ्या दिवशी सूर्याच्या खालची एक पट्टी लुकलुकायला लागली. सांगायचं कुणाला, हे रिसेप्शनला माहीत नव्हतं, सुरक्षारक्षकाला नव्हतं आणि झाडू मारणाऱ्या मावशींनाही नव्हतं. त्या म्हणाल्या, "आम्हाला त्याला हात लावायचा नाही असं सांगितलंय."

आमची सगळी तक्रार त्या एका वाक्यात आली. ती काच दारातून एकदाच आत येणाऱ्या माणसासाठी केलेली होती. पाहुण्यासाठी, देणगीदारासाठी, फोटो काढणाऱ्यासाठी. जो चार दिवस बसणार आणि जी रोज पुसणार, त्यांचा विचार कामात नव्हता.

यावर कुणी म्हणेल, तुम्ही साधी उदाहरणं घेऊन झोडपताय. ठीक आहे. या प्रकारातलं जगातलं सगळ्यांत नावाजलेलं काम घेऊ. जेरुसलेमच्या ऐन केरेम भागातलं हदासा रुग्णालय. तिथल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, मार्क शागालच्या बारा खिडक्या आहेत. काम सोपवलं गेलं १९५९ साली. फ्लोट काच जाहीर झाली तेच वर्ष, योगायोग म्हणा. याकोबाचे बारा मुलगे, त्यांची बारा कुळं, प्रत्येकाला एक खिडकी. प्रत्येक खिडकी सुमारे ११ फूट उंच आणि ८ फूट रुंद. माणसाची आकृती कुठेच नाही. मासे, पक्षी, प्राणी, फुलं, हिब्रू अक्षरं. फ्रान्समध्ये रँस या गावी शार्ल मार्क यांच्या कार्यशाळेत ती काच घडली. जुन्या काचचित्रात रंग बदलला की तुकडा बदलतो आणि दोन तुकड्यांमध्ये शिशाची काळी पट्टी येते. मार्कनी एकाच तुकड्यावर दोन-तीन रंग खेळवता येतील अशी रीत बसवली. त्यामुळे शागालला हातात ब्रश असल्यासारखं काम करता आलं. १९६१ साली पॅरिस आणि न्यूयॉर्कला प्रदर्शनं झाली, फेब्रुवारी १९६२ मध्ये खिडक्या जागेवर बसल्या. १९६७ च्या युद्धात काहींना इजा झाली. शागालनं दुरुस्ती केली, नवे भाग करून दिले, पण गोळीबाराच्या काही खुणा तशाच ठेवल्या.

काच म्हणून हे काम थोरच आहे. निळ्यामागे दुसरा निळा दिसतो, पिवळा जळत नाही, नुसता उजळतो. आणि ती गोळीची खूण ठेवणं आम्हाला फार मोलाचं वाटतं, त्याकडे पुन्हा येऊ. पण रुग्णालयातली काच म्हणून तिला काय म्हणायचं? ती रुग्णालयाच्या आवारात आहे, रुग्णालयाच्या दिवसात नाही. ती बघायला उठून जावं लागतं आणि मान वर करावी लागते. जगभरचे पर्यटक खास तिच्यासाठी येतात. ज्याच्या हाताला सलाईन लावलंय तो तिथपर्यंत कसा येणार? हा शागालचा दोष नाही. त्याला प्रार्थनागृहाचं काम दिलं होतं, ते त्यानं केलं. दोष आपला, की रुग्णालयात काच म्हटलं की आपण त्याच्याकडे बोट दाखवतो आणि तसंच काहीतरी दालनात लावतो.

आता दुसरं काम बघा. हे रुग्णालयात नाही, पण एका आजारपणातून जन्माला आलंय. चित्रकार आंरी मातीसचं १९४१ साली कर्करोगाचं मोठं ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या काळात त्याची रात्रीची शुश्रूषा करायला मोनिक बुर्जवा नावाची तरुण परिचारिका आली. पुढे ती संन्यासिनी झाली, आणि व्हाँस या गावी तिच्या संघाला प्रार्थनागृह बांधायचं होतं तेव्हा तिनं आपल्या जुन्या पेशंटला विचारलं. मातीसनं चार वर्षं त्यात घातली. बराचसा वेळ बिछान्यात किंवा चाकाच्या खुर्चीत, रंगवलेल्या कागदातून आकार कापत, लांब बांबूला कोळसा बांधून भिंतीवर रेघा काढत. १९५१ च्या जूनमध्ये ते पूर्ण झालं.

तिथल्या काचेत फक्त तीन रंग आहेत. निळा, हिरवा, पिवळा. निळा आणि हिरवा आरपार आहेत, त्यांतून बाहेरची बाग दिसते. पिवळा मात्र खरबरीत केलेला आहे, त्यातून प्रकाश येतो, दृश्य येत नाही. समोरच्या भिंती पांढऱ्या टाइल्सच्या. ऊन आलं की ते तीन रंग त्या पांढऱ्यावर पडतात आणि दिवसभर सरकत राहतात. काचेकडे पाठ करून बसलात तरी काचेचं काम तुमच्यासमोरच्या भिंतीवर, जमिनीवर, तुमच्या हातावर चालू असतं.

आमचं म्हणणं इतकंच आहे. रुग्णालयातल्या काचेला तिच्यातल्या चित्रावरून जोखू नका. तिच्यातून आलेला प्रकाश थांबून राहिलेल्या माणसाच्या दिवसाचं काय करतो, त्यावरून जोखा.

थांबणं हा रुग्णालयातला मुख्य उद्योग आहे. इथून जवळच खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक आहे, कर्करोगाचं उपचार आणि संशोधन केंद्र. अशा केंद्रात लांबून माणसं येतात. रेडिएशनचा कोर्स म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, असे कधी पाच-सहा आठवडे. उपचार काही मिनिटांचा, थांबणं तासाचं. म्हणजे एकच माणूस एकाच खोलीत पंचवीस-तीस वेळा बसतो. आणि रेडिएशनचं यंत्र जाड काँक्रीटच्या भिंतींमध्ये असतं, तिथे खिडकी नसतेच. आत जाण्यापूर्वीची ती खोली, तिथे काच काय करील? उगवता सूर्य तिसऱ्या दिवशी जाहिरात वाटायला लागतो. पण काल याच वेळेला हिरवा डाग खुर्चीच्या पायाशी होता, आज जरा पुढे गेलाय, म्हणजे दिवस मोठा होतोय, हे कळणं वेगळं. त्याचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागत नाही. जुन्या वाड्यांच्या दारावर, चाळींच्या खिडकीत रंगीत काचा असायच्या. दुपारी त्यांचे ठिपके जमिनीवर पडायचे आणि त्यांवर पाय ठेवत मुलं खेळायची. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना आम्ही काय म्हणतोय ते कळेल.

इथे एक सावधगिरी. कला बघून रोगी बरा होतो असं सर्रास बोललं जातं, आणि त्यासाठी रॉजर उलरिक यांच्या अभ्यासाचा दाखला देतात. तो १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ रोगी, दोन-दोनाच्या २३ जोड्या. एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवस राहिले, भिंतवाले ८.७०. झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास चांगलाच आहे, पण त्यात झाडं होती. काचेवर काढलेली झाडं नव्हती. या अभ्यासाच्या जोरावर एलईडीचं झाड विकलं जात असेल, तर आधी एवढंच विचारावं की त्या भिंतीत साधी खिडकी काढता आली असती का?

उलट प्रकाश खरोखर औषध ठरल्याचं एक उदाहरण आहे, आणि तिथेही एक परिचारिकाच आहे. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५६ च्या सुमारास सिस्टर वॉर्ड कावीळ झालेल्या तान्ह्या बाळांना उन्हात न्यायच्या. एका बाळाच्या अंगावर चादरीचा कोपरा पडला होता तेवढाच त्रिकोण पिवळा राहिला, बाकीचं अंग फिकं झालं. हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. त्यातून पुढे आजची निळ्या प्रकाशाची पेटी आली, जिच्यात कावीळ झालेलं बाळ ठेवतात. थोडक्यात, रुग्णालयात प्रकाश ही सजावटीची बाब नाही.

आणि म्हणूनच रंगीत काच कुठे लावू नये हेही ठरतं. डॉक्टर कावीळ बघतात ती डोळ्याच्या पांढऱ्यात. प्राणवायू कमी पडतोय हे ओठांच्या निळेपणावरून कळतं. पिवळ्या काचेच्या उजेडात पहिली लपते, निळ्या उजेडात दुसरा फसवतो. तेव्हा वॉर्डात आणि तपासणीच्या खोलीत रंगीत उजेड नको. तिथे साधी, स्वच्छ, आपल्या तळोज्याची न दिसणारी काचच बरी. रंग लावायचा तर थांबण्याच्या खोलीत, बोळात, जिन्यात. वॉर्डाबद्दल आल्व्हार आल्टोकडून शिकावं. फिनलंडमध्ये पाइमिओ इथे त्यानं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम बांधलं, १९३३ साली पुरं झालं. रोगी दिवसभर आडवा असतो, तर त्याची भिंत म्हणजे छत, हे त्यानं ओळखलं. छताला शांत, गडद रंग दिला. दिवे आडव्या माणसाच्या डोळ्यांवर येणार नाहीत असे बसवले. हात धुवायच्या बेसिनमध्ये पाणी पडताना आवाज होऊ नये, एवढंसुद्धा पाहिलं.

आता तळोज्याकडे. समजा इथे असं काम करायचं आहे. कलाकाराचा पहिला आराखडा निळा येणार, याची आम्ही पैज लावतो. निळा शांत असतो, पाण्याचा, आकाशाचा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण ऑगस्ट २०१७ मध्ये याच गावातल्या रस्त्यांवर निळी कुत्री फिरत होती. एका कारखान्यातून सुटलेलं रंगद्रव्य त्यांच्या अंगाला लागलं होतं, कासाडी नदीच्या पाण्याची तक्रार तर त्याआधीपासूनची. फोटो जगभर गेले, तो कारखाना बंद करायला लावला गेला. आज इथे कुणाला निळा दाखवा, शंभरातल्या काहींना तरी आकाशाआधी ते कुत्रं आठवेल. याचा अर्थ निळा वापरू नका असा नाही. इथे निळ्याचा काय इतिहास आहे हे माहीत असू द्या. वासावरून वारा कुठून येतोय हे सांगणाऱ्या लोकांसमोर स्फटिकासारखी नदी काढणार असाल तर ते हसतील, आणि त्यांचं हसणं बरोबर असेल.

दुसरं आपलं हवामान. जून ते सप्टेंबर इथे ऊन जवळजवळ नसतंच. उन्हावर चालणारी काच चार महिने झोपणार. मग पावसाळी राखाडी उजेडात ती कशी दिसते, हे नमुन्याचा तुकडा जुलैमध्ये जागेवर टांगून बघायला हवं. पश्चिमेची काच एप्रिल-मेमध्ये तापते आणि गडद रंग जास्त तापतो. तुकड्याची कड चौकटीत थंड, मध्य गरम, अशानं काच तडकते. वजनही लक्षात घ्या. एक चौरस मीटर काच, एक मिलिमीटर जाड, म्हणजे अडीच किलो. सहा-सहा मिलिमीटरच्या दोन काचा मध्ये पडदा घालून चिकटवल्या तर चौरस मीटरला तीस किलो. चाळीस चौरस मीटरचं काम असेल तर बाराशे किलो, चौकट वेगळी. डोक्यावर टांगायचं तर ही चिकटवलेली, म्हणजे लॅमिनेटेडच हवी, कारण ती फुटली तरी तुकडे पडद्याला धरून राहतात. टफन्ड काच मजबूत खरी, पण एकदा तिला ताव दिला की नंतर भोक पाडता येत नाही, कोपरा कापता येत नाही. सगळं आधी ठरवावं लागतं. फुटलेला एक तुकडा सहा वर्षांनी पुन्हा करून मिळेल का, हे करारात असायला हवं. आणि पुसायचं कुणी, कशानं, शिडी कुठे लावून, हेही.

पुसण्यावरून आपला स्वतःचा इतिहास आठवतो. महाराष्ट्रानं काच केली ती कामाची. तळेगाव दाभाड्याचा पैसा फंडाचा कारखाना १९०८ चा. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत तो निधी उभा केला, टिळकांनी त्याला बळ दिलं. ओगले बंधूंचा कारखाना १९१६ चा, कराडजवळचा. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर होता. कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेनं, कागदानं पुसायची, ते घरातल्या मुलांचं काम असायचं. हात लावू नका असं कुणी म्हणत नव्हतं, उलट नाही पुसली तर ओरडा बसायचा. वारा आला तरी ज्योत राहावी, एवढंच त्या काचेचं काम, आणि ते रोजच्या हातांनी चालायचं.

म्हणून आमची सूचना अशी, की काचेचा खालचा भाग माणसाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर असू द्या. पुसणाऱ्या मावशींना पहिल्या बैठकीला बोलवा. खुर्च्या आणि काच यांचा नकाशा एकच असू द्या. काम पूर्ण झाल्यावर कलाकारानं एक दिवस पेशंटच्या नातेवाइकांसोबत बसून काढावा, उद्घाटनानंतर.

शेवटी फुटण्याबद्दल, कारण आपल्याकडे काचेचा विषय तिथेच अडतो. आपल्या घरात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. फुटणं म्हणजे काय, ते शब्दसुद्धा टाळतो. आणि रुग्णालयात ऑपरेशनला नेण्याआधी बाईच्या हातातल्या बांगड्या उतरवून घेतात. त्या रुमालात बांधून कुणीतरी बाहेर धरून बसलेलं असतं. आम्ही पाहिलंय, तुम्हीही पाहिलं असेल. त्या माणसासमोर आपण काच लावणार आहोत, हे विसरू नये. एखादा तुकडा तडकला तर रातोरात बदलून काहीच झालं नाही असं दाखवू नका. शागालच्या खिडकीतली खूण ठेवली तशी दुरुस्ती दिसू द्या, नीट, सुरक्षित, पण दिसू द्या. तडा गेलेलंही सांभाळलं जातं, एवढं त्या रुमालवाल्याला दिसलं तर पुरे.

(यानंतर श्रोत्यांपैकी एका बाईंनी विचारलं: "एवढ्या पैशांत दोन व्हेंटिलेटर येणार असतील, तर तुम्ही काय म्हणाल?")

व्हेंटिलेटर घ्या, असंच म्हणू. यात दुमत नाही. पण बहुतेक वेळा पैसे त्या दोघांतून निवडले जात नाहीत. दालनातला संगमरवर, छताची नक्षी, झुंबर, पाटी यांचे पैसे आधीच धरलेले असतात, आणि काच त्यांतून येते. म्हणून आमची मागणी जास्त पैशांची नाही. तीच काच दालनातून उचला आणि थांबण्याच्या खोलीत, पूर्वेच्या भिंतीत बसवा. छोटी झाली तरी चालेल. खिडकीसुद्धा चालेल.

पाऊस थांबलाय वाटतं.